कोकणातून सायकल प्रदर्शनाला जावं का? खर्च, तयारी आणि तिथं काय तपासायचं

मुंबई-पुण्याला सायकलींचं प्रदर्शन भरलं की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या नव्या सायकलस्वारांना एकच प्रश्न पडतो: एवढा खर्च करून जावं का? प्रवेशाचं तिकीट फारसं नसतं, काही ठिकाणी आधी नोंदणी केली की फुकटही असतं. खरा खर्च जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या दिवसाचा. तो वसूल होण्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात: येत्या दोन-तीन महिन्यांत सायकल घ्यायचं पक्कं आहे, दोन-तीन मॉडेलं मनात आहेत, आणि ती मॉडेलं आपल्या गावात बसून बघायला मिळत नाहीत.

सवलतीसाठी जाऊ नका. प्रदर्शनातली सवलत बहुतेक वेळा दिवाळी-पाडव्याला दुकानदार देतात तेवढीच असते, किंवा ती गेल्या वर्षीच्या रंगावर आणि उरलेल्या साइझवर असते. 'हेल्मेट फ्री, लाइट फ्री' म्हणतात तेव्हा त्या वस्तूंची बाजारातली किंमत मोबाइलवर पाहून घ्या, म्हणजे सवलत किती खरी ते लगेच कळतं.

प्रदर्शनात मिळणारी आणि कोकणात सहसा न मिळणारी गोष्ट म्हणजे एकाच मॉडेलचे दोन साइझ शेजारी शेजारी उभे असणं. तालुक्याच्या दुकानात एक नग असतो, तो 'एम' असला तर सगळ्या गिऱ्हाइकांना 'एम'च बसतो असं सांगितलं जातं. चुकीच्या साइझच्या सायकलीवर मान आणि मनगटं दुखतात, आणि सायकल वर्षभरात पडवीत जाऊन पडते. पाच मिनिटं 'एम'वर आणि पाच मिनिटं 'एल'वर बसून हे टळत असेल तर प्रवासाचा खर्च वाया जात नाही.

आधी पाहा: प्रदर्शन कोणासाठी आहे

प्रदर्शनं दोन जातींची असतात. एक व्यापाऱ्यांसाठी: कारखानदार, वितरक, सुटे भाग घेणारे. दुसरं तुमच्याआमच्यासारख्या चालवणाऱ्यांसाठी. लुधियाना हे भारतातल्या सायकल उद्योगाचं मुख्य केंद्र, तिथल्या मेळ्यांचा रोख बराचसा सुट्या भागांच्या घाऊक व्यवहारावर असतो. एक सायकल घ्यायची असलेल्या माणसाला तिथं हाती काही लागत नाही. जर्मनीचं युरोबाइक १९९१ पासून फ्रेडरिशहाफेनला भरत असे, २०२२ पासून ते फ्रँकफर्टला आलं. तिथंही व्यापाराचे दिवस वेगळे आणि जनतेसाठी खुले दिवस वेगळे असतात. अमेरिकेतलं इंटरबाइक व्यापाऱ्यांचंच होतं, २०१८ नंतर ते भरलं नाही. पहिली सायकल घेण्यासाठी परदेशी प्रदर्शनाचा विचारही करू नका, तिथं आवडलेलं मॉडेल भारतात मिळेलच असं नाही.

म्हणून संकेतस्थळावर तीन गोष्टी शोधा: जनतेसाठी कोणते दिवस खुले आहेत, टेस्ट राइडला जागा आहे का, आणि स्टॉलधारकांच्या यादीत तुमच्या मनातले ब्रँड आहेत का. यादीच दिलेली नसेल, तर आयोजकांना फोन करा. 'सगळे मोठे ब्रँड येणार' एवढ्या उत्तरावर गाडीचं तिकीट काढू नका. दोन ब्रँडांची नावं घेऊन विचारा.

हिशेब कागदावर मांडा

उदाहरणापुरते आकडे धरू. रत्नागिरीहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाऊन रात्रीच्याच गाडीने परत, म्हणजे राहण्याचा खर्च नाही. रेल्वेचे दोन्ही बाजूंचे ७०० रुपये, लोकल-रिक्षाचे ३००, जेवणखाण ४००, प्रवेश ३००. झाले १,७००. दुकान बंद ठेवावं लागलं किंवा बिनपगारी रजा पडली, तर दिवसाचे १,००० आणखी. एकूण २,७००. यात तुमचे आकडे भरा.

आता ही रक्कम सायकलीच्या किमतीशी ताडून पाहा. १२,००० च्या सायकलीला २,७०० म्हणजे बावीस टक्क्यांच्या वर, हे परवडत नाही. त्या पैशांत चांगलं हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट आणि पंप येतो. २५,००० च्या सायकलीला जवळजवळ अकरा टक्के. इथं निर्णय तुमच्या उंचीवर ठरतो. पाच फूट दोन इंचांच्या आत किंवा सहा फुटांच्या आसपास असाल तर जा, कारण तुमचा साइझ दुकानात क्वचितच असतो. मधल्या उंचीच्या माणसाचं गावातल्या नगावर भागतं. ६०,००० च्या सायकलीला हा खर्च साडेचार टक्के पडतो, तेव्हा न जाता सायकल मागवणं हाच जास्त धोका.

घरातल्या चौघांना घेऊन जाणार असाल, तर ती सहल समजा आणि तिचा खर्च वेगळा धरा. लहान मुलं सोबत असली की एकेका स्टॉलवर वीस मिनिटं थांबता येत नाही.

एस.टी.ने जाणाऱ्यांचा हिशेब थोडा बदलतो. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. मात्र महामार्गावरच्या रात्रीच्या बसप्रवासानंतर दिवसभर हॉलमध्ये उभं राहणं जड जातं. शक्य असेल तर रेल्वेच धरा.

हिशेब तोट्यात गेला, तर दोन चांगले पर्याय आहेत. रत्नागिरीकरांना आंबा घाटातून कोल्हापूर १३० किलोमीटरच्या आसपास, चिपळूणकरांना कुंभार्ली घाटातून कराड जवळ, सावंतवाडी-कुडाळकरांना आंबोलीमार्गे बेळगाव किंवा खाली गोवा. या शहरांतल्या दोन दुकानांना आधी फोन करून 'हे मॉडेल, हा साइझ शनिवारी दुकानात उभा असेल का' एवढं विचारा आणि त्या दिवशी जा. दुसरा पर्याय ब्रेव्हेच्या सुरुवातीला जाऊन उभं राहण्याचा. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. मुंबई-पुण्याकडे २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे होतात. साडेतेरा तासांत ते अंतर कापायला निघालेल्यांच्या सायकली म्हणजे वापरून पारखलेल्या सायकली. कोणता टायर, कोणतं कॅरिअर, काय मोडलं, हे तिथं विक्रेत्यापेक्षा मोकळेपणानं कळतं.

गाडीचं आरक्षण

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. प्रदर्शनाची तारीख कळली की त्याच आठवड्यात तिकीट काढा. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आगेमागे तारीख येत असेल तर चाकरमान्यांच्या गर्दीत जागा मिळणार नाही. तत्काळवर विसंबायचं असेल तर लक्षात ठेवा: आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं, आणि कोकणच्या गाड्यांचं ते फार लवकर संपतं.

कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही रात्रीच्या गाड्या पहाटे-सकाळी मुंबईत पोहोचवतात. परतीच्या तुतारीत एक चूक पुन्हा पुन्हा होते. ही गाडी दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शनिवारी प्रदर्शन पाहून त्याच रात्री निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारचं काढलं तर ती गाडी तुम्ही प्रदर्शनाला पोहोचण्याआधीच निघून गेलेली असते. पावसाळ्यात जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात. त्या काळातल्या प्रदर्शनाला सकाळी दहाच्या आत पोहोचायचा बेत आखू नका.

गोरेगावच्या नेस्को मैदानातल्या प्रदर्शनासाठी दादरला उतरून पश्चिम रेल्वेने राम मंदिर किंवा गोरेगाव स्थानक गाठा. पुण्याकडचं प्रदर्शन मोशीला असेल तर माणगावहून ताम्हिणी घाटाने जाणं रायगडकरांना सोयीचं पडतं. दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून मात्र पुण्याचा एका दिवसाचा बेत ओढाताणीचा होतो. अलिबागकरांचं सगळ्यांत सोपं: मांडव्याहून मुंबईला रो-रो बोट आहे, ती २०२० पासून सुरू आहे. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात.

घरीच मापं घ्या

अनवाणी पायांनी भिंतीला टेकून उभे राहा. दोन पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून वर दाबा, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितका. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या माणसाकडून माप घ्या. तीनदा घ्या आणि सरासरी काढा. पँटच्या लेबलवरचं माप इथं चालत नाही.

समजा हे माप ७८ सेंटिमीटर आलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ६८.९ सेंटिमीटर येतात. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे दोन्ही पॅडलांचे दांडे जिथं फ्रेमला जोडलेले असतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची, सीटच्या नळीला धरून मोजलेली ही सुरुवातीची उंची. रोड सायकलच्या फ्रेमचा अंदाज हवा असेल तर ७८ ला ०.६६५ ने गुणा: ५२ सेंटिमीटर. हायब्रिड (रोड आणि डोंगरी सायकलीच्या मधली) आणि एमटीबीचे (डोंगरी सायकलीचे) आकडे कंपनीगणिक बदलतात, त्यांच्यासाठी कंपनीचा तक्ता आणि प्रत्यक्ष बसून पाहणं हाच मार्ग.

तुमच्या रोजच्या रस्त्याचीही नोंद करा. रत्नागिरी ते गणपतीपुळे आरे-वारेमार्गे जाणारा आणि दापोलीच्या सड्यावर फिरणारा, यांना एकच सायकल लागत नाही. चढ किती, कच्चा रस्ता किती, सामान किती, पावसात चालवणार की नाही, हे चार ओळींत लिहा. स्टॉलवरचा माणूस 'वापर काय?' विचारतो तेव्हा 'जनरल' असं उत्तर दिलं, तर तो सगळ्यांत जास्त खपणारं मॉडेल पुढे करतो.

पिशवीत घ्यायचं ते असं: मोजपट्टी, वही-पेन, छोटा लोहचुंबक, सामान तोलायचा लटकता काटा, स्वतःचं हेल्मेट, ओळखपत्र आणि पाण्याची बाटली. टेस्ट राइडला अनेक ठिकाणी ओळखपत्र ठेवून घेतात आणि हेल्मेटशिवाय सायकल देत नाहीत. ज्या बुटांत सायकल चालवणार तेच घालून जा, जाड तळव्याच्या बुटांनी सीटची उंची चुकते. गर्दीत मोबाइलची रेंज जाते, म्हणून परतीचं तिकीट आणि मापांचा कागद फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

हॉलमध्ये शिरल्यावर

खुल्या दिवसांपैकी पहिल्या दिवशी, दार उघडताना आत असा. पहिल्या दोन तासांत सायकली धड असतात, विक्रेते ताजेतवाने असतात आणि बसून पाहायला रांग नसते. आधी सगळा हॉल न थांबता एकदा फिरा आणि मनातली मॉडेलं कुठे आहेत ते टिपा. टोप्या, स्टिकर, एनर्जी ड्रिंकच्या रांगांकडे वळू नका, सकाळ तिथंच जाते.

मग बसा. स्टॉलवाल्याला सीट तुमच्या उंचीला लावायला सांगा, तो 'असंच बसून बघा' म्हणाला तरी. घरी काढलेलं सीटचं माप (आपल्या उदाहरणात ६८.९) मोजपट्टीने स्वतः धरा. फ्रेमची आडवी नळी दोन पायांमध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर नळीच्या वर दोन ते पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, खडबडीत रस्त्यासाठी थोडी जास्त. हँडल धरल्यावर कोपरं किंचित वाकलेली राहिली पाहिजेत. सरळ ताठ झाली तर फ्रेम लांब आहे, गुडघे हँडलला लागत असतील तर आखूड. मोठ्या साइझला 'छोटा स्टेम टाकून देतो' हे उत्तर मान्य करू नका. स्टेम, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणारा तुकडा, बदलून एखाद-दोन सेंटिमीटर जुळवता येतात, पूर्ण साइझ नाही.

यापुढचं कोकणासाठी खास, आणि इथंच जास्तीत जास्त वेळ द्या. खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस, जांभ्याची तांबडी माती आणि खाडी ओलांडली की येणारा चढ, या चारही गोष्टी सायकलीची परीक्षा पाहतात.

*आरे.* स्वस्त सायकलींचे आरे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात, किनाऱ्यावर ते एका-दोन पावसाळ्यांत निपलपाशी, म्हणजे रिमला जोडलेल्या टोकाशी, गंजून तुटतात. चुंबक लावा. जोरात खेचला गेला आणि तारेचा रंग मंद राखाडी असेल, तर मुलाम्याचे. स्टेनलेसच्या आऱ्यांनाही चुंबक हलका लागतो, कारण तार ओढताना तिच्यात तेवढा गुण येतो. म्हणून नुसतं 'चिकटतो की नाही' न पाहता ओढ किती आहे ते पाहा, आणि शेजारच्या महाग सायकलीशी तुलना करा.

*ब्रेक.* तांबड्या मातीचे बारीक खडे रिम ब्रेकच्या रबरात अडकतात आणि रिम घासून काढतात, शिवाय ओल्या रिमवर पकड उशिरा येते. पावसात चालवणाऱ्यांनी डिस्क घ्यावा. केबलवर चालणारा मेकॅनिकल डिस्क कोणत्याही चांगल्या मिस्त्रीला जमतो. हायड्रॉलिकची पकड सरस, पण तेलाचं काम जाणणारा माणूस जवळ हवा. कोणतं तेल लागतं ते विचारा. शिमानोच्या ब्रेकांना मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांच्या ब्रेकांना डॉट नावाचं ब्रेकचं तेल. डॉट हवेतला ओलावा शोषतं, म्हणून आपल्या हवेत ते वेळच्या वेळी बदलावं लागतं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली सीलं खराब होतात.

*गिअर.* पुढच्या सगळ्यांत लहान चकतीचे दाते भागिले मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीचे दाते. आकडे चकतीवर कोरलेले असतात. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर उत्तर १. ७०० बाय ३८ च्या टायरवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल २.१८ मीटर जाते. पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर ०.८२, म्हणजे १.८ मीटर. सागरी मार्गाच्या चढांना १ किंवा त्याखालचा आकडा हवा, सामान लादून घाट चढायचा असेल तर ०.८ च्या आसपास. पुढे ४४ आणि मागे १८ असलेली बिनगिअरची सायकल एका फेऱ्यात जवळजवळ ५.३ मीटर मागते. ती चौपाटीवर फिरवून बघताना छान वाटते आणि पहिल्याच चढाला हातात धरून चढवावी लागते. 'एकवीस गिअर' या आकड्याला भुलू नका, सगळ्यांत हलका गिअर किती तेवढंच विचारा.

*शॉक-अप.* स्वस्त सायकलींच्या पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातला स्प्रिंगचा सस्पेन्शन घेऊ नका. दोन किलोच्या वर वजन, चढाला प्रत्येक पॅडलमागे डोलणं, आणि खाऱ्या हवेत गंजलेल्या नळ्या. डांबरी रस्त्याला सरळ चिमटा आणि ३८ ते ४५ मिलिमीटरचा टायर पुरतो.

*मडगार्ड आणि कॅरिअर.* फ्रेमवर आणि चिमट्यावर त्यांचे स्क्रूचे डोळे आहेत का ते बोटाने चाचपा. टायर आणि फ्रेममध्ये मडगार्ड बसून निदान सहा मिलिमीटर राहिले पाहिजेत, नाहीतर माती अडकून चाक जाम होतं. आपल्याकडे पूर्ण लांबीचा मडगार्ड लागतोच, सीटखाली लावायचा आखूड तुकडा पुरत नाही.

*सुटे भाग.* ट्यूबचा वॉल्व्ह पाहा. बारीक फ्रेंच वॉल्व्ह असेल तर गावच्या पंपाला तो लागत नाही, दोन अडॅप्टर घेऊन ठेवा. टायरच्या बाजूवर ५५९, ५८४ किंवा ६२२ असा आकडा असतो, म्हणजे अनुक्रमे २६ इंची, साडेसत्तावीस आणि ७००. तुमच्या गावातल्या दुकानात यांपैकी काय मिळतं ते आधीच विचारून जा. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा हवा, दाबून बसवलेला कुरकुरू लागला की तालुक्याला काढायचं हत्यार मिळत नाही. केबल फ्रेमच्या आतून गेलेली असेल तर दिसायला सुंदर, पण पाणी आत जातं आणि बदलताना मिस्त्री वैतागतो.

*वजन.* लटकत्या काट्याला अडकवा. छापील आकडा बहुधा पॅडल आणि स्टँड वगळून असतो. सागरी मार्गाने जाणाऱ्याला वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींमधून सायकल चढवावी-उतरवावी लागते. सामानासकट ती एकट्याला उचलता आली पाहिजे.

टेस्ट राइड

हॉलमधल्या गालिच्यावर चालवून काही कळत नाही. बाहेर मोकळी जागा असेल तर तिथं जा आणि निघण्याआधी टायर अंगठ्याने दाबा. टायर मऊ असला की चांगली सायकलही जड वाटते, हवा भरून मागा. चालवताना सगळे गिअर वरखाली करा, एक हात सोडून सरळ जा, उभं राहून पॅडल मारा, लहान वळण घेताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का पाहा, आणि शेवटी दोन्ही ब्रेक दाबा. नवा डिस्क ब्रेक सुरुवातीला कमी पकडतो, पंधरा-वीस वेळा वेग घेऊन हळू केल्यावर तो बसतो. त्यामुळे तेवढ्यावरून सायकल नाकारू नका. एका मॉडेलवरून उतरून लगेच दुसऱ्यावर बसा, मध्ये जेवायला गेलात की फरक विसरतो.

ई-सायकल पाहत असाल तर एक नियम पाठ करा. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तरच ती कायद्याने सायकल, तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. 'लॉक काढला की चाळीसने पळते' असं सांगणाऱ्या स्टॉलकडून घेऊ नका, अपघात झाला तर विम्यापासून सगळ्याची अडचण तुमच्या गळ्यात येते. मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा, आणि बॅटरी बदलायला आज किती पडते ते लिहून घ्या.

किंमत, बिल आणि शोपीस

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बोर्डावरची किंमत जुन्या दराची तर नाही ना, कर धरून आहे का, आणि जोडणी-वाहतूक वेगळी आहे का, हे एका दमात विचारा. मग सगळ्यांत मोठा प्रश्न: 'पहिली सर्व्हिस माझ्या जवळच्या कोणत्या डीलरकडे फुकट होईल?' उत्तर दुकानाच्या नावासह बिलावर लिहून घ्या, आणि त्या दुकानाला तिथूनच फोन लावा. प्रदर्शनातल्या बिलावर सर्व्हिस द्यायला स्थानिक डीलर अनेकदा नकार देतात, कारण विक्रीचा नफा त्यांना मिळालेला नसतो. म्हणून मॉडेल आणि साइझ प्रदर्शनात पक्का करायचा आणि खरेदी घराजवळच्या डीलरकडून करायची, हा मार्ग आम्ही बहुतेकांना सुचवतो. हजारभर रुपये जास्त पडले तरी चालतील.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी उभा माल स्वस्तात निघतो, कारण स्टॉलवाल्यांना तो परत न्यायचा नसतो. असा नग घेताना चिमट्यावरचे ओरखडे, सीटच्या नळीवरच्या खुणा, वाकलेला मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि डिस्कवर लोकांच्या बोटांचं तेल लागलंय का ते पाहा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली आहे याची खात्री करा. बिलावर फ्रेम नंबर हवाच. तो बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. चोरी झाल्यास पोलिसांत तोच कामी येतो.

घरी आणणं आणि जोडणं

शक्यतो खोक्यातला नवा नग घ्या आणि डीलरला घरपोच पाठवायला सांगा. स्वतः आणायची झाली तर रेल्वे पार्सलचं गणित नीट समजून घ्या. पार्सल कार्यालयात गाडीच्या काही तास आधी जावं लागतं, खोक्यावर दोन ठिकाणी नाव, फोन आणि उतरायचं स्थानक लिहावं लागतं. तुमच्या स्थानकात गाडी दोनच मिनिटं थांबत असेल तर पार्सल वेळेत उतरत नाही आणि पुढे जातं. रत्नागिरीसारखं मोठं स्थानक निवडा आणि तिथून टेम्पोने न्या.

खासगी बसच्या डिकीत न्यायची असेल तर बुकिंग करताना विचारा, बस सुटताना नको. पुढचं चाक आणि दोन्ही पॅडल काढा. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर पॅडांमध्ये जाड पुठ्ठा घाला, चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात. चेनची बाजू वर येईल अशी आडवी ठेवा, म्हणजे डिरेल्युअरवर वजन पडत नाही. अलिबागकरांनी रो-रोने सायकल ढकलतच आणावी.

खोक्यातून काढल्यावर ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन चाव्या, १५ चा पाना आणि ग्रीस लागतं. आधी चिमटा उलटा तर लागला नाही ना ते पाहा. ही चूक फार होते. डिस्क डावीकडे आणि चेन उजवीकडे असली की चिमटा सरळ. हँडलचा बोल्ट आवळताना आधी वरची टोपी हलकी आवळून चिमट्यातली ढिलाई घालवा, मग बाजूचे बोल्ट. हँडलचे चार बोल्ट तिरके तिरके, थोडे थोडे करून, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतके, सहसा ५ न्यूटन-मीटर. पॅडलच्या आट्यांना ग्रीस लावून सुरुवातीचे तीन-चार फेरे बोटांनीच फिरवा, पान्याने जोर लावून तिरकं बसलं तर क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, बदलावा लागतो. सीटच्या नळीलाही ग्रीस लावा, नाहीतर किनाऱ्यावर ती फ्रेममध्ये कायमची जखडते. कार्बनची फ्रेम किंवा नळी असेल तर ग्रीस नको, तिची वेगळी पेस्ट मिळते.

पहिल्या १५० ते २०० किलोमीटरनंतर केबल सैल होतात आणि आऱ्यांचा ताण बसतो. गिअर उड्या मारायला लागले तर सायकल खराब निघाली असं समजू नका, केबलची ओढ जुळवून घ्यायची वेळ झालेली असते. त्याच वेळी चाकं फिरवून रिम डोलते का पाहा, डोलत असेल तर आरे आवळून घ्या. समुद्राकाठच्या फेरीनंतर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल द्या आणि जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्या. तेल तसंच राहिलं तर तांबडी माती त्यावर बसून चेन दुप्पट वेगाने झिजवते.